डोळे मिटा

खारूचं पोट दुखायला लागलं ते नेमकं अवेळी ढग दिसायला लागले तेव्हाच, त्यामुळे आधी कोणी तिच्याकडे नीट पाहिलंच नाही. मिठागरावर ज्याचं त्याचं तोंड आभाळाकडे होतं. उन्हं ऐन भरात, वाफ्यांत मीठ धरायला लागलेलं, आणि समुद्राच्या अंगाला रोज दुपारी राखाडी पट्टी उभी राहायची. संध्याकाळी विरून जायची, पण तोवर माणसांच्या जिवात जीव नसायचा. एक बरी सर आली असती तरी हंगामाचं पाणी झालं असतं. म्हणजे खरोखरच पाणी.

मुलीचं खरं नाव शाळेच्या पटावर होतं. घरीदारी सगळे तिला खारूच म्हणायचे. मिठागरातच जन्मली, आणि पायाला जणू भिंगरी. घरात चौघं. आई, बाप, खारू आणि बापाचा म्हातारा बाप. म्हाताऱ्याचे डोळे मिठाच्या पांढऱ्या झळीनं गेले होते. तो झोपडीच्या सावलीत बसून टोपल्यांच्या कडा सुतळीनं बांधायचा आणि वारा कुठून सुटलाय ते सगळ्यांना सांगायचा.

त्या सकाळी खारू दप्तर खांद्याला लावून उठली आणि दारातच ओकली. पोटात काही नव्हतंच, पिवळं पाणी तेवढं पडलं. आईनं तिचं कपाळ धरलं. कपाळ गरम नव्हतं. हात मात्र गार होते, विहिरीतून काढलेल्या दोरासारखे ओले आणि गार.

"काल काय खाल्लं होतंस?"

"तुम्ही खाल्लं तेच."

"शाळेचं नाव काढलं की बरं पोट दुखतं," बाप फळी खांद्यावर टाकत म्हणाला. मीठ ओढायची ती लांब दांड्याची फळी त्याच्यापेक्षा हातभर उंच होती. "दुपारी बघ, हीच पोरगी बांधावर उड्या मारेल."

आणि तसंच झालं. दुपारी खारू आईबरोबर वाफ्यात उतरली, वाटीभर गार पाणी प्यायली, डब्यातलं निम्मं जेवण एकटीनं संपवलं. टोपल्या वाहणाऱ्या बायका हसल्या. "तुझी पोरगी सकाळी मरते आणि दुपारी जिवंत होते गं," एक म्हणाली. आई हसली, पण ते तिला लागलं. मिठागरावर कामचुकार म्हणवून घेणं चोर म्हणवून घेण्याच्या खालोखाल असतं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी ओकारी, गार हात, चेहऱ्यावरचा रंग उतरलेला. कधी पोट, कधी छाती, कधी मानेच्या मागे. शाळेची वाट मुख्य बांधावरून जायची. समुद्राचं पाणी आत घ्यायला तिथे एक लाकडी दार होतं, आणि त्या दारापाशी पोचलं की पहिल्यांदा शाळेचं छप्पर दिसायचं. तिथवर खारू चालायची. तिथे तिचे पाय जायचे. बसायची नाही, पडायची नाही, नुसती गुडघ्यांतून सैल व्हायची. एकदा बापानं रागानं तिला उचलून खांद्यावर टाकलं. शाळेच्या फाटकापर्यंत नेता नेता त्याला घाम फुटला.

"एवढीशी पोरगी," संध्याकाळी तो बायकोला हळूच म्हणाला, "पण दार ओलांडलं आणि अशी जड झाली, ओल्या मिठाचं पोतं उचललं असं वाटलं. मी दोनदा थांबलो."

"ती झोपली असेल."

"डोळे मिटले होते. पण झोपली नव्हती. बोट माझ्या पाठीला लागत होतं तिचं. एकच बोट."

म्हातारा सुतळी ओढता ओढता थांबला.

आईनं अर्धा दिवस बुडवून तिला मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बरा माणूस होता. त्यानं पोट दाबलं, जीभ पाहिली, पापणी खाली ओढून पाहिली.

"कुठे दुखतं, दाखव."

खारूनं बरगडीखाली बोट ठेवलं. मग जरा वर ठेवलं. मग गळ्यावर.

"दुखतं म्हणजे कसं? कळ येते?"

"टोचतं."

"काय टोचतं?"

"माहीत नाही. बारीक आहे." मग थोड्या वेळानं, "खूप आहेत."

डॉक्टरनं हात धुतले. "काही नाही हिला," तो म्हणाला आणि पांढऱ्या गोळ्यांची पुडी दिली. काही नाही तर गोळ्या कशाच्या, हे विचारायचं आईच्या ओठांवर आलं होतं. बाहेर कंपाउंडर म्हणाला, "लाडावून ठेवलीत." परतीच्या वाटेवर खारू पुढे पुढे चालत होती, रस्त्याकडेची सुकी बोंडं पायानं उडवत. त्या दिवशी शाळा बुडाली होती ना.

मुकादम तिला आणि तिच्या आईला वाफ्यात पाहत होताच. एका दुपारी तो बापाला म्हणाला, "एवीतेवी शाळेत जात नाही, तर फळी धरू दे की तिला. आभाळ काय तिच्या पोटासाठी थांबणार आहे का? ढग रोज वर सरकताहेत. माणूस कमी पडतंय." मग आईकडे वळून, "काय वहिनी, चुकीचं बोललो का?"

बापानं लगेच नाही म्हटलं नाही, हे आईनं पाहिलं. रात्री जेवताना तिनं नवऱ्यासमोर आपले पाय सरळ केले. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, भेगांच्या कडा पांढऱ्या, नखं गळून पुन्हा वाकडी आलेली. "हे बघा आणि मग ठरवा," एवढंच म्हणाली. नवऱ्यानं पाहिलं आणि ताटावर वाकला. विषय तिथेच संपला. पण रोज सकाळी दोघांपैकी एकाला तिच्याबरोबर जावं लागायचं, आणि त्यांच्या वाफ्यातलं मीठ मागे पडत होतं.

मग गाडीवानाची मुलगी आजारी पडली. मिठाची पोती बैलगाडीनं रस्त्यापर्यंत नेणारा तो गाडीवान. त्याची थोरली मुलगी खारूच्याच वर्गात होती. शाळेतून तिला दोघी मुली हाताला धरून घेऊन आल्या. तिचे डोळे मिटलेले होते आणि उघडत नव्हते. दुखत नव्हते, सुजले नव्हते, चिकटलेही नव्हते. गाडीवानानं अंगठ्यानं पापणी वर केली तर आतलं बुबुळ व्यवस्थित त्याच्याकडे पाहत होतं. अंगठा काढला की पापणी पुन्हा खाली. संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, डोळे आपोआप उघडले. ती म्हणाली, "भूक लागली."

त्यानंतर आणखी एकीचा उजवा हात खांद्यापासून ताठ झाला. दोन भाऊ वर्गात एकदमच ओकले. सगळं सकाळी आणि शाळेत. घरी आलं की उतरायचं. वस्तीत बोलणं सुरू झालं. कोणी म्हणालं, जागाच वाईट आहे, पूर्वी तिथे खाजण होतं, रात्री अजून पाणी बोलतं. कोणी म्हणालं, शाळेच्या टाकीचं पाणी. टाकी उपसली तर तळाशी एक मेलेला बेडूक निघाला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. बेडकाला एवढा मान कुणी दिला नसेल. ज्याला त्याला तो बघायचा होता. दुसऱ्या दिवशी नवं पाणी भरलं आणि चार मुलं आजारी पडली.

कोणी तरी असंही म्हणालं, हे खारूपासून सुरू झालं. तेव्हापासून बायका आपली लहान मुलं खारूजवळ बसू देईनात.

त्याच आठवड्यातली दुपार. वारा पडला होता, ढगांची पट्टी हातभर वर आली होती आणि वाफे डोळ्यांत सुई घालावी तसे चमकत होते. आई डोक्यावर टोपली घेऊन मिठाच्या ढिगाकडे निघाली होती. ढिगामागच्या मोकळ्या जागेत वस्तीतली मुलं गोल करून उभी होती. आधी तिला बरं वाटलं, खारूला कोणी खेळायला घेतलं म्हणून. मग तिच्या लक्षात आलं, आवाज नाही. दहा-बारा मुलं आणि आवाज नाही.

सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. सगळ्यांचा उजवा हात पुढे, एक बोट ताठ. गोलाच्या मध्ये गाडीवानाचं धाकटं पोर होतं, अजून शाळेत न जाणारं. त्याला हा खेळ वाटत होता. ते हसत हसत इकडून तिकडे पळत होतं आणि त्याच्या पायाखाली मीठ करकरत होतं. जिकडे करकर व्हायची तिकडे सगळी बोटं हळूहळू वळायची. पोर डावीकडे गेलं, बोटं डावीकडे. उजवीकडे, बोटं उजवीकडे. पोराचं हसू कमी झालं. ते एका जागी थांबलं. बोटं थांबली. आता ते हलेचना, आणि त्याच्या चड्डीतून पाण्याची धार पायावर उतरली.

"ए!" आई ओरडली. टोपली कलंडली, मीठ तिच्या खांद्यावर सांडलं. "काय चाललंय?"

मुलांनी डोळे उघडले. झोपेतून उठवल्यासारखी ती तिच्याकडे पाहत राहिली. धाकटं पोर आता भोकाड पसरून रडत होतं.

"काय खेळताय हे?"

"काही नाही."

"नाव काय या खेळाचं?"

खारू खाली मान घालून उभी होती. "हा खेळ नाहीये आई," ती म्हणाली.

आईनं तिला पुन्हा विचारलं. गोडीनं विचारलं, दरडावून विचारलं. "सांगायचं नसतं," एवढंच.

दुसऱ्या सकाळी आईनं फळीला हात लावला नाही. "मुकादमाला सांगा, आज मी नाही," ती नवऱ्याला म्हणाली आणि खारूला घेऊन निघाली. पाण्याच्या दारापाशी पोरीचे पाय गेले. आईनं तिला पाठुंगळी घेतलं. नवरा खोटं बोलला नव्हता, जड होती. फाटकाशी तिला उतरवून आई परत फिरल्यासारखी चालू लागली, आणि वळणावरून शाळेच्या मागे आली. वर्गाची खिडकी उघडी होती. तिला गज होते आणि गजांवर गंज. तिनं कडेनं आत पाहिलं.

वर्गात मुलं ओळीनं जमिनीवर बसली होती. नव्या बाई टेबलाजवळ उभ्या होत्या. थंडीत बदलून आल्या होत्या, शाळेला लागून असलेल्या खोलीत एकट्याच राहायच्या. तिशीच्या, सडपातळ, साडी स्वच्छ. वस्तीत त्यांच्याबद्दल कोणी वाईट बोललेलं आईनं ऐकलं नव्हतं. छडीसुद्धा नव्हती त्यांच्याकडे.

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता.

डोळे मिटले.

"ज्यानं घेतलंय त्याच्याकडे बोट करा."

सगळ्या वर्गात बाह्या सरकल्याचा आवाज झाला. एकदाच, आणि पुन्हा शांतता. काही बोटं पुढच्या ओळीकडे, काही कोपऱ्याकडे, दोन-तीन एकमेकांकडे. गाडीवानाच्या मुलीचं बोट थरथरत होतं आणि ती दुसऱ्या हातानं मनगट धरून ते स्थिर करत होती. खारूचं बोट कुठे आहे ते आईला आधी दिसेना. मग दिसलं. ते तिच्या स्वतःच्या बरगडीखाली टेकलेलं होतं, कपड्यात रुतेल एवढं. आईनं पुन्हा सगळीकडे पाहिलं. आणखीही काही बोटं तशीच आत वळलेली होती.

बाई ओळीओळीतून चालत गेल्या. प्रत्येक बोटाच्या रेषेवरून त्यांची नजर जात होती. उजव्या हातानं त्या आपलं डावं मनगट चोळत होत्या, मोकळं मनगट. बराच वेळ. खिडकीबाहेर उभ्या आईच्या तळव्यांना घाम आला आणि हात गार पडले.

"उघडा," बाई म्हणाल्या. "पुस्तकं काढा."

आणि वर्ग सुरू झाला. कोण सापडलं, कोण नाही, एक शब्द नाही.

मधल्या सुट्टीत आईनं खारूला कुंपणापाशी गाठलं. आता लपवायला काही उरलं नाही हे पोरीला तिच्या तोंडावरूनच कळलं. तिनं सांगितलं. बाईंचं घड्याळ टेबलावरून गेलं होतं. त्यांच्या वडिलांचं होतं, वडील आता नाहीत. बाई ओरडल्या नव्हत्या, रडल्या होत्या. मग म्हणाल्या, वर्गाला माहीत आहे कुणी घेतलं. तेव्हापासून रोज.

"तू घेतलंस का?"

"नाही."

"मग स्वतःकडे बोट का करतेस?"

"दुसऱ्याकडे केलं तर त्याला टोचेल ना." ती कुंपणाच्या काटकीचं साल काढत होती. "आधी मी कुणाकडेच करायची नाही. मग बाई म्हणाल्या, जो बोट करत नाही त्यानंच लपवलंय." थोडं थांबून, अगदी हळू, "आई, आता मला वाटतं मीच घेतलं असेल."

"असं कसं वाटेल?"

"टिकटिक ऐकू येते. इथे." तिनं आपलं मनगट पुढे केलं. "निजताना कानाला लावलं की येते."

आईनं ते मनगट कानाला लावलं. आजूबाजूला मुलं पळत होती, कुठे तरी बादली आपटली. मनगटात खरंच काही तरी भरभर चाललं होतं, बारीक, घाबरलेलं, थांबायचं नाव न घेणारं. आईनं हात सोडला नाही.

"नाडी आहे ती तुझी," ती म्हणाली. "सगळ्यांना असते."

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मुकादमाला, पंचांना, वरच्या साहेबांना सांगू म्हणाला. "म्हणजे पुन्हा चौकशी," आई म्हणाली. "पुन्हा पोरांना उभं करणार, कोण, कोण, कोण." म्हातारा म्हणाला, "घड्याळ सापडेपर्यंत हे थांबायचं नाही." "आणि ते सापडायचं नाही," नवरा म्हणाला.

सकाळी ती खारूला घेऊन गेली आणि या वेळी खिडकीशी थांबली नाही. व्हरांड्यात उभी राहिली. "डोळे मिटा" झालं. बाह्या सरकल्या. तिनं चपला काढल्या आणि आत गेली.

"बाई, घड्याळ मी नेलं."

बाईंचा हात मनगटावरच राहिला. "तुम्ही? तुम्ही कोण?"

"खारूची आई. दार उघडं होतं, वर्गात कोणी नव्हतं. टेबलावर दिसलं. हात गेला." तिनं वाटेत काही ठरवलं नव्हतं; शब्द आपोआप येत होते आणि खरे वाटत होते, याचीच तिला भीती वाटली. "परत आणून देणार होते. बांधावरच्या दाराशी हातातून पाण्यात पडलं. समुद्राला गेलं."

मुलांचे डोळे अजून मिटलेले होते. बोटं तशीच. कोणी एक पापणी हलवली नव्हती.

"उघडा रे डोळे," ती मुलांना म्हणाली. "झालं आता. उघडा."

कोणी उघडले नाहीत. तिचा आवाज त्यांना पुरत नव्हता. ती बाईंकडे वळली. बाई तिच्याकडे पाहत होत्या, तिच्या पायांकडे, भेगांकडे, पुन्हा चेहऱ्याकडे. मागच्या ओळीत कुणाला तरी उचकी लागली.

"बाई," आई म्हणाली, "सांगा त्यांना."

"उघडा," शेवटी बाई म्हणाल्या.

बोटं खाली आली. काही मुलांना हात मुडपायला वेळ लागला.

बातमी तिच्याआधी मिठागरावर पोचली होती. मुकादमानं तोंडावर काही म्हटलं नाही. फक्त कोठारातली फावडी, घमेली काढून द्यायचं काम तिच्याकडे होतं, ते त्यानं दुसरीला दिलं. बायका आपली जेवणाची गाठोडी तिच्या झोपडीच्या सावलीत ठेवत आल्या होत्या. त्या दुपारी एकेक करून सगळ्यांनी ती उचलली आणि उन्हात नेऊन ठेवली. उन्हात अन्न आंबतं हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? कोणी भांडलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी हातपाय धुताना नवरा म्हणाला, "आजवर शाळेच्या फाटकाच्या आत गेली नव्हतीस तू."

"नव्हते गेले."

"लोक मला विचारतात. मी काय सांगू?"

"काही सांगू नका."

तो बराच वेळ पायांवर पाणी ओतत राहिला. मग तांब्या तिच्या हातात दिला आणि तूही पाय धू म्हणून खूण केली. तेवढंच.

खारूनं मात्र विचारलं. अंथरुणात, आईकडे तोंड करून. "आई, घड्याळ न्यायला तू शाळेत आली होतीस?"

"हो."

"कधी? मला कशी नाही दिसलीस?"

"पहाटे, तुझे डोळे मिटलेले होते तेव्हा."

पोरीनं त्यावर विचार केला. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. पण झोपताना हात कानाशी नेला नाही.

लगेच बरी झाली असं नाही. पुढे कितीतरी दिवस दारापाशी तिचा पाय घुटमळायचा. एकदा ओकलीही. गाडीवानाची मुलगी बोलता बोलता डोळे मिटायची आणि स्वतःच दचकून उघडायची. पण हळूहळू सगळं उतरत गेलं, भरती उतरावी तसं, जागोजागी थोडं पाणी ठेवून. एका सकाळी खारूनं उठल्या उठल्या खायला मागितलं. आईनं वाढलं, आणि ती खाताना तिच्याकडे पाहायचं टाळलं, नजर लागू नये म्हणून.

मग एके दिवशी ढग ठाण मांडून बसले. दुपारीच अंधारून आलं. मुकादम बांधावरून ओरडत होता, सगळी माणसं वाफ्यात उतरली होती, जेवढं मीठ निघेल तेवढं ओढून ढिगावर टाकायचं आणि ताडपत्रीखाली घालायचं. भरलेली टोपली डोक्यावर घ्यायला समोरून दुसरं माणूस लागतं. आईसमोर आता कोणी येत नसे. ती टोपली अर्धीच भरायची, गुडघ्यावर घ्यायची, मग एकटीच कशीबशी डोक्यावर. अर्ध्या टोपल्यांनी किती वाहणार?

बाई बांधावरून आल्या. चपला हातात, साडी पोटरीपर्यंत ओली. त्या कधी मिठागरात आल्या नव्हत्या. सरळ आईच्या वाफ्यापाशी येऊन थांबल्या.

"घड्याळ तुम्ही घेतलं नाहीत," त्या म्हणाल्या.

आईनं फळी थांबवली नाही. "नाही."

"मला त्याच दिवशी कळलं होतं. बोलायचं धाडस होत नव्हतं." त्यांचा श्वास लागला होता. "मी काय करत होते ते माझं मलाच... रोज ठरवायची, आज नाही विचारायचं. आणि सकाळी तोंडातून तेच निघायचं." वाऱ्यानं त्यांचा पदर उडाला, त्यांनी तो कमरेला खोचला. "मी आत्ताच सांगते सगळ्यांना. मुकादमांना सांगते. तुम्ही नाही म्हणून."

"नको बाई."

"का?"

आईनं फळी टेकली. लांबवर सगळी माणसं वाकलेली होती; त्यातली दोघं-तिघं कमरेवर हात ठेवून इकडेच पाहत होती.

"मी नाही म्हटलं की ते पुन्हा शोधायला लागतील," ती म्हणाली. "राहू दे माझ्याकडे."

बाई तिथेच उभ्या राहिल्या. आईनं फावडं घेतलं आणि टोपली भरायला लागली. अर्धी भरल्यावर थांबायची सवय झाली होती, ती थांबली.

"भरा," बाई म्हणाल्या.

आईनं वर पाहिलं. मग आणखी घातलं, काठोकाठ, वर शीग येईपर्यंत. बाई वाफ्यात उतरल्या, समोर बसल्या आणि टोपलीच्या कडेखाली बोटं घातली. दोघींनी एकदम जोर लावला. टोपली डोक्यावर बसली, मिठाचं पाणी आईच्या कानामागून मानेवर उतरलं.

"हात धुऊन घ्या," ती बाईंना म्हणाली, "झोंबतं ते." आणि ढिगाकडे चालू लागली.